जळगाव ते पुणे बसमध्ये लघवी रोखून धरली तर मूत्राशयाचं अस्तर ताणून फाटत का नाही?

फाटत नाही, कारण अस्तराच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी जादा पटल (पेशीभोवतीचं पातळ आवरण) स्वतःच्या पोटात साठवून ठेवतात आणि ताण आला की ते बाहेर काढतात. रिकाम्या मूत्राशयात अस्तराला घड्या असतात. भरताना आधी त्या उलगडतात. मग वरच्या थरातल्या याच पेशी, म्हणजे छत्रपेशी, चपट्या, पसरट होतात. त्यांच्या आत तबकडीसारख्या सूक्ष्म पिशव्या खच्चून भरलेल्या असतात. या पिशव्या वरच्या पटलाला जाऊन मिळतात, पृष्ठभाग वाढतो. लघवी झाली की तेच पटल परत आत ओढलं जातं. पटलावर युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांच्या टणक चकत्या असतात, शिवाय पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, म्हणून ताणलेल्या अवस्थेतही लघवी सहसा उलट झिरपत नाही.

'लागली' हे कळवण्यातही याच पेशींचा हात आहे. ताणाने पटलातल्या पिएझो-२ सारख्या प्रथिनांच्या वाहिन्या (ताण ओळखणारी सूक्ष्म दारं) उघडतात, पेशी एटीपी हे रसायन सोडतात आणि खालच्या मज्जातंतूंना खबर जाते. मोठ्या माणसाला साधारण १५० ते २५० मिलिलिटरला पहिली जाणीव होते, ४००-५०० ला थांबवत नाही.

एक मात्र आहे: पिशव्यांचं हे काम मुख्यतः ससे आणि उंदरांच्या मूत्राशयात पाहिलं गेलंय. आणि बस थांबणार नाही म्हणून खानदेशच्या मे महिन्यात पाणीच न पिणं हा उपाय नव्हे. लघवी घट्ट होते, मुतखड्याला आयतं निमंत्रण.