घर बांधताना रजा कुठल्या दिवशी घ्यावी? ज्या दिवशी पाण्याचं काम असेल त्या दिवशी

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. निलंग्याजवळ दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे, ११०० चौरस फुटांचं घर बांधायचंय, गुत्तेदार ठरत आलाय, फेब्रुवारीत काम सुरू करणार. नोकरी पुण्यात, रजा जेमतेम आठ-दहा दिवसांची. ती कुठे खर्च करावी?

मी लातूरजवळ २०१९ मध्ये साधारण एवढंच घर बांधलं. इंजिनिअर नाही, शाळेत मास्तर आहे. शाळा सकाळची होती, त्यामुळे दुपारपासून अंधार पडेपर्यंत साइटवर बसून असायचो. वीटकाम वाकडं झालं तर दिसतं, पाडून परत करता येतं. फरशी आवडली नाही तर पाच वर्षांनी बदलता येते. पाण्याचं काम चुकलं तर मात्र त्या दिवशी कोणालाच कळत नाही. म्हणून ज्या दिवशी कामात पाणी आहे त्या दिवशी तुम्ही तिथे पाहिजे.

पहिली रजा गुत्तं लिहायच्या आधीच टाका. तुमच्या भागात काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, इतकी की भेगेत हात जातो. तिच्यावर पाया टेकवला की घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. पाया मुरमावर गेला पाहिजे, आणि मुरूम किती खोल लागतो हे वरून सांगता येत नाही. माझ्या गुत्तेदाराने ‘पाच फूट’ धरून दर दिला होता. एका कोपऱ्यात पाच फुटांवर मुरूम लागला, समोरच्या कोपऱ्यात साडेआठ फूट गेलो तरी खाली चिकट मातीच. वाढीव खोदाई, वाढीव काँक्रीट, सगळा भुर्दंड माझ्यावर, कारण कागदावर पाचच फूट होते. तुम्ही आधी जेसीबी बोलवा, प्लॉटच्या तीन कोपऱ्यांत खड्डे घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरला तळ दाखवा आणि मगच दर ठरवा. जेसीबी येतोच आहे तर त्याआधी सरकारी मोजणी करून खुणा पक्क्या करून घ्या. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि बांधावरचं क्षेत्र यांचं जमतंच असं नाही.

जोत्यात भर घालताना खड्ड्यातून निघालेली काळी माती परत आत ढकलू देऊ नका. फुकटची असते, म्हणून ढकलतात. मुरूमच भरायचा, तोही वीतभर थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. एकदम भरून वरून पाणी सोडलं तर दोन पावसाळ्यांत फरशी खाली बसते आणि स्कर्टिंगखाली फट पडते. शेजारच्या घरात त्या फटीतून मुंग्यांची रांग निघते, मी रोज बघतो.

आता मिक्सर. स्लॅबच्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचा माणूस मिक्सरवर पाणी ओतणारा असतो, आणि बहुतेक घरमालक त्याच्याकडे पाठ करून स्लॅबवर नारळ फोडत असतात. सिमेंटची ५० किलोची गोणी, तिला साधारण २५ लिटर पाणी पुरे, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पण माल घट्ट असला की पसरायला जड जातो. मग कोणीतरी वरून ओरडतं, ‘पातळ कर रे!’ आणि एक बादली जास्त पडते. ते जादा पाणी नंतर उडून जातं आणि मागे काँक्रीटमध्ये बारीक पोकळ्या राहतात. पुढे पावसाचं पाणी त्यातूनच सळईपर्यंत पोचतं.

मी रंगाची एक रिकामी बादली आणली, लिटरच्या मापाने साडेबारा लिटर पाणी ओतलं आणि त्या रेषेवर आतून लाल ऑइलपेंटने पट्टा ओढला. एका गोणीला दोन बादल्या, पट्ट्यापर्यंत. पहिल्या तासात मिक्सरवाल्याने दोनदा ‘माल पळत नाही साहेब’ म्हणून पाहिलं. मी म्हटलं, व्हायब्रेटर जास्त वेळ लावा, पाणी नाही. सुमारे दीडशे गोण्यांचा स्लॅब होता, सकाळी नऊला सुरू झालेला माल संध्याकाळी सहाला संपला. मी मिक्सरपासून हललो ते फक्त जेवणाला, आणि तेवढ्या वेळात बादली स्टुलाखाली जाऊन पाइप थेट ड्रममध्ये आला होता. जेवणाचा डबा मिक्सरपाशीच न्या.

त्याच दिवशी माल पडायच्या आधी सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई वर उचलून धरणारे सिमेंटचे छोटे ठोकळे, आहेत का बघा. खडीचे तुकडे सरकवलेले दिसले तर काम थांबवा, कारण ते पायाखाली निसटतात, सळई खालच्या सेंटरिंगच्या पत्र्याला टेकते आणि काही वर्षांनी छताचे पापुद्रे पडायला लागतात. स्लॅबमधल्या विजेच्या पाइपांचे फोटो काढून ठेवा, पुढे पंख्याचा हूक ठोकताना उपयोगी पडतात.

बोअरचं पाणी बांधकामाला वापरणार असाल तर आधी तपासून घ्या. आरसीसीसाठी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटसाठी, क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, सळई गंजते.

स्लॅब झाला की लोक निवांत होतात, आणि नेमकं तेव्हाच पाण्याचं खरं काम सुरू होतं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल किंवा ऊन कडक असेल तर किमान १० दिवस काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे. मी १४ दिवस ठेवलं. स्लॅबवर मालाचे बांध घालून वाफे करतात आणि त्यात पाणी उभं करतात. ११०० चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे पाच हजार लिटर, एक अख्खा टँकर, आणि एप्रिलच्या उन्हात त्यातलं बरंच रोज भरून काढावं लागतं. माझा स्लॅब एप्रिलमध्येच आला. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे उन्हाळ्यात छतावर टँकर ओतताना शेजारी कसे बघतात ते विचारू नका. कॉलम तर सगळेच विसरतात. त्यांना गोणपाट गुंडाळा आणि दिवसातून तीन-चारदा भिजवा. दुपारी गोणपाटाला हात लावून कोरडं लागलं तर ते क्युरिंग झालेलं नाही.

म्हणून फेब्रुवारीत सुरुवात करू नका असंच मी म्हणेन. तुमचाही स्लॅब एप्रिल-मेमध्ये येईल. खड्डे, मोजणी, नकाशा, परवानगी आत्ता उरका, दसऱ्यानंतर पाया काढा, स्लॅब थंडीत येऊ द्या.

शेवटची रजा बाथरूमसाठी, आणि इथे चूक माझी स्वतःची आहे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवायच्या आधी, सगळे पाइप बंद करून बाथरूममध्ये ४८ तास पाणी साठवायचं, सुरुवातीच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलची रेघ मारायची आणि खालून, बाजूने भिंती बघायच्या. वास्तुशांतीची तारीख ठरली होती, पत्रिका वाटल्या होत्या, मी म्हटलं राहू दे. सहा महिन्यांनी बेडरूमच्या भिंतीवर ताटाएवढा ओला डाग आला. नवीकोरी फरशी फोडली तेव्हा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या, सांध्यातून पाणी झिरपत होतं. ४८ तासांनी रेघ खाली गेलेली दिसली असती आणि काम थोडक्यात निभावलं असतं.

‘एकमजलीच आहे, जुन्या पद्धतीने दगड-मातीत बांधलं तर स्वस्त पडेल का’ असंही तुम्ही विचारलंय. नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन. निलंगा तिथून लांब नाही. लोड बेअरिंग, म्हणजे कॉलमशिवाय भिंतींवरच भार घेणारं घर, करायचं तरी वीट-सिमेंटमध्ये, जोत्यावर आणि लिंटलला (दारं-खिडक्यांच्या माथ्याला) चारही बाजूंनी सलग आरसीसी पट्टी फिरवून. गुत्तेदार फक्त दारं-खिडक्यांवर तुकड्या-तुकड्यांनी लिंटल टाकतो आणि ‘पट्टी झाली’ म्हणतो, ते चालवून घेऊ नका.

पैशाचं एकच सांगतो. दर चौरस फुटाने ठरवताय, पण छज्जा, जिना, पॅरापेट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक कशात धरलंय ते लिहून घ्या, आणि पाच टक्के रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. माझा गुत्तेदार आधी रुसला, मग तीन टक्क्यांवर तयार झाला. जुलैत गच्चीच्या एका कोपऱ्यात पाणी साचलं तेव्हा फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी माणूस आला.