पाया खणताना पुरातत्त्वज्ञ हजर असतील तर घराचं काम थांबतं का?

बहुतेक वेळा थांबत नाही, थोडं मंदावतं. पुरातत्त्व देखरेख म्हणजे वेगळं उत्खनन नव्हे. पाया तुमचंच यंत्र खणतं, जाणकार माणूस शेजारी उभा राहून उघडी पडणारी माती पाहतो. म्हणूनच बिनदातांचं रुंद बकेट लावायला सांगतात: दातांनी माती उकरली जाते, सपाट कडेने पातळ थर निघतो आणि खालचा पृष्ठभाग स्वच्छ दिसतो. नजर वस्तूंपेक्षा रंगावर असते. पिवळसर मातीत काळपट गोल डाग दिसला तर तिथे कधीकाळी लाकडी खांब रोवलेला असू शकतो. लाकूड कुजतं, पण खळग्यात भरलेली माती वेगळी राहते. माझ्या मते सुट्या नाण्यापेक्षा असा डाग जास्त मोलाचा, कारण खांबांची ओळ सापडली की जुन्या घराचा आकारच कळतो. मग तेवढा भाग हाताने साफ करून फोटो, मोजमापं आणि नकाशा होतो. काहीच निघालं नाही तरी तशी नोंद अहवालात जाते, आणि तीही कामाची असते. मात्र मानवी सांगाडा किंवा मोठे अवशेष निघाले तर काम बहुधा थांबवावं लागतं. तेव्हाचा खर्च कोणाकडे, हे बांधकाम परवानगीच्या अटींत आधीच पाहून ठेवा.