फाईलमध्ये नसलेलं पान

"मॅडम, ॲडमिशनसाठी हिला अजून काय काय लावू?" मी प्रवेशासाठी पालकांना आणि मुलांना सल्ला देते. जून महिना लागला की हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा तरी ऐकू येतो. म्हणून एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

अकरावी सायन्सची मुलगी आणि तिची आई. आईनं जाडजूड फाईल टेबलावर ठेवली. अबॅकस, हस्ताक्षर, वक्तृत्व, पाठांतर, एकूण 23 प्रमाणपत्रं. आई एकेक पान उलटत होती, मुलगी पंख्याकडे बघत होती.

दोन भेटी अशाच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी फाईल मिटून बाजूला ठेवली आणि विचारलं, "रविवारी सकाळी काय करतेस?"

"तालमीत जातो." आपल्याकडच्या पोरी बोलतात तशीच बोलली. "बारक्या पोरींना लाठीचा पवित्रा शिकवतो."

"किती जणी?"

"अकरा. हजेरीची वही माझ्याकडंच असते. एक पोरगी तीन रविवार आली नाही, म्हणून तिच्या घरी जाऊन आलो."

बोलता बोलता तिनं हात पुढे केला. तळव्यावर घट्टे होते. आई हळूच म्हणाली, "मर्दानी खेळाचं सर्टिफिकेट नाही मिळत, म्हणून बारावी होईस्तोवर बंद करणार होतो."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं मला जमलंय, की अशा वेळी गप्प बसावं. मुलाची आतली ओढ ज्या जागी असते, तिथंच त्याची जबाबदारी आणि चिकाटी वाढते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता नियमांचं. इंजिनिअरिंगच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांत सीईटी किंवा जेईईचे गुण बघतात, मेडिकलला नीट. तिथं वक्तृत्वाचं प्रमाणपत्र कुणी उघडूनही बघत नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे जादा गुण मिळतात, पण ते दहावीच्या निकालात. आयआयटी मद्रासनं 2024 पासून खेळाडूंसाठी जादा जागा ठेवल्या, पण त्यालाही जेईई ॲडव्हान्स्डची पात्रता लागतेच. म्हणजे नुसती फाईल फुगवून या वाटा उघडत नाहीत.

उपक्रमांना खरी किंमत आहे ती परदेशी विद्यापीठांत आणि निबंध-मुलाखत घेणाऱ्या काही खासगी विद्यापीठांत. अमेरिकेच्या कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठीच्या एकाच सामायिक अर्जात, जास्तीत जास्त 10 उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरं. तेवढ्या जागेत 'भाग घेतला' लिहिण्यापेक्षा 'दर रविवारी 11 मुलींना शिकवते' हे कितीतरी जड भरतं. तेव्हा पालकांनो, दहा क्लास लावू नका. एकच गोष्ट दोन-तीन वर्षं सलग करू द्या, आणि परीक्षेच्या महिन्यात तिचे तास कमी करा, ती बंद करू नका.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. "मॅडम, वस्ताद म्हणत होते चार नव्या पोरी आल्यात. रविवारचा क्लास शनिवारी घेतला तर चालंल न्हवं?"