उतरताना गुडघे दुखतात, वय ४९. डोंगरावर जाणं आता कायमचं सोडावं का?

सोडू नका. "वय झालं, आता गुडघे जपून वापर" असं घरचे म्हणतात, हे तुम्ही लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. हेच वाक्य मला माझ्या सख्ख्या ताईने ऐकवलं होतं. मी ते मानलं, याची हळहळ अजून जात नाही.

मी तेव्हा ५१ची होते. एका लांब उतरणीच्या शेवटच्या तासात उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कळ यायला लागली. चढताना काही त्रास नव्हता. पाय आडवे टाकत, झाडं धरत कशीबशी खाली आले. ताई म्हणाली, "गुडघ्यांचं आयुष्य ठरलेलं असतं. तू ते डोंगरावर उधळतेस." मी घाबरले होते. बूट माळ्यावर टाकले आणि नुसतं फिरायला जाणंही बंद केलं.

आठ महिने. दुखणं गेलं तर नाहीच, वजन मात्र सहा किलोंनी वाढलं. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागायचा. एकदा सहज टेप लावून पाहिली तर उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटीमीटरने बारीक भरली. त्या रात्री मी रडले.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि मला एका पायरीवर उभं केलं. "उजव्या पायावर उभ्या राहा, गुडघा वाकवत डावी टाच खाली जमिनीला हळूच टेकवा. चार अंक मोजत." दोनवरच माझा गुडघा आतल्या बाजूला वळला, मांडी थडथड उडायला लागली आणि मी धपकन खाली आले. त्या म्हणाल्या, "तुमचा ब्रेक गेलाय."

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात जात अंगाचं वजन पेलतो. तोच कमजोर पडला की प्रत्येक पावलाचा भार सांध्यावर येतो. आणि सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. ती दाबली जाते, सुटते, तेव्हाच सांध्यातल्या द्रवातून तिचं पोषण होतं. गुडघा बसवून ठेवला म्हणून टिकत नाही, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस आड तीच पायरी, दहा-दहा वेळा, तीनदा. भिंतीला दोन बोटं लावून. सहाव्या आठवड्यात चार अंक पूर्ण झाले. पाचव्या महिन्यात मी पुन्हा डोंगरावर होते, दोन काठ्या घेऊन. काठ्यांची लाज बाळगू नका. उतारावर त्या गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांपर्यंत कमी करतात, असं मोजून पाहिलेलं आहे. उतरताना त्यांची लांबी थोडी वाढवायची, आधी काठी टेकवायची, मग पाऊल, आणि पाऊल छोटं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा. हा दुसरा भाग सगळे विसरतात. दुखणं सुरू होण्याआधी मीही नुसती चालत होते.

ताईने आयुष्यात एक टेकडी चढलेली नाही. आज ती कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय आणत जिना उतरते. मी तिला ती पायरी दाखवली, शेजारी उभं राहून मोजते म्हटलं. "तुझं ठीक आहे, तुला सवय आहे" म्हणते. सवय मला जन्मतः नव्हती, ताई. तुमच्या घरी असं बोलणाऱ्यांना विचारा, त्यांच्या स्वतःच्या मांड्यांत किती ताकद आहे.

गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत असेल, चालताना दगा देत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तोवर पायरीचा व्यायामही नको. यातलं काही नसेल तर पहिली उतरण अर्ध्या तासाचीच निवडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच भरून येतील, जिना उतरवणार नाही. त्या दुखण्याला घाबरून बूट माळ्यावर टाकू नका. चार-पाच दिवसांत ते ओसरतं.