पिशवीला सूज आणि साबुदाण्याएवढ्या गोळ्या

प्रश्न : मॅडम, वय ३१, दोन मुलं. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ओटीपोट दुखतं, अंगावरून पिवळट जातं, संबंधाच्या वेळीही दुखतं. नाशिकला दाखवलं तर 'पिशवीला सूज' म्हणून १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या. मळमळायला लागलं म्हणून पाचव्या दिवशी सोडल्या. आता नणंदेने होमिओपॅथीची सेपिया आणून दिलीय, जरा बरं वाटतंय. दोन वर्षांपूर्वी तांबी बसवली होती, सासूबाई म्हणतात तिच्यामुळेच झालं. काढू का?

उत्तर : ताई, तांबी राहू दे. तिच्यामुळे संसर्ग होण्याचा धोका असतो तो मुख्यतः बसवल्यानंतरच्या तीन आठवड्यांत. ती आत असतानाच उपचार करता येतात. औषध सुरू करून ४८ ते ७२ तासांत उतार पडला नाही, तर मग काढायचा विचार करू. आणि या सुजेपायी कुणी थेट पिशवीच काढायला सांगितलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

मला काळजी आहे ती पाचव्या दिवशी सोडलेल्या गोळ्यांची. क्लॅमिडिया, गोनोरियासारखे संबंधातून पसरणारे किंवा योनीतलेच इतर जंतू पिशवीच्या तोंडातून वर नळ्यांपर्यंत चढतात. दुखणं कमी झालं तरी आत व्रण होत राहू शकतात. पुढे नळी बंद होते, नाहीतर गर्भ नळीतच अडकतो. सेपिया म्हणजे माकुळाच्या जातीतल्या प्राण्याची शाई. ३० पोटन्सीची असेल, तर ती एकास नव्याण्णव अशी तीस वेळा पातळ केलेली. त्यात शाईचा रेणूही उरत नाही, जंतू कशाने मरणार? जरा बरं वाटतंय ते त्या चार-पाच दिवसांच्या अँटिबायोटिकमुळे असेल, शिवाय हे दुखणं मुळात कमी-जास्त होतच असतं. माझ्या शेजारी गंगापूर रोडला एक होमिओपॅथ बसतात, ते असा पेशंट सरळ माझ्याकडे पाठवतात.

उरलेल्या गोळ्या मनाने सुरू करू नका, पुन्हा तपासून घ्या. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी हा आजार असू शकतो, आतून तपासणी लागतेच. मळमळ बहुधा त्या कोर्समधल्या मेट्रोनिडाझोल या गोळीची; पुन्हा दिली तर ती जेवणानंतर घ्या. दुसरी गोळी डॉक्सीसायक्लिन असेल तर ती भरपूर पाण्याबरोबर, दुधाबरोबर नको, आणि घेऊन लगेच आडवं पडू नका. तिने उन्हात कातडी भाजते, तेव्हा बागेत जाताना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला स्कार्फ. पाळी चुकली असेल तर गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

नवऱ्यालाही औषध हवं, त्यांना काही त्रास नसला तरी. आणि दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध नको. हे घरी सांगणं अवघड जातं, मला ठाऊक आहे. त्यांना सोबतच घेऊन या, मी सांगेन. खर्चाचा प्रश्न असेल तर सिव्हिलसारख्या सरकारी दवाखान्यात 'सुरक्षा क्लिनिक' विचारा, म्हणजे संबंधातून होणाऱ्या आजारांचा विभाग. तपासणी मोफत, ओटीपोटाच्या दुखण्याच्या औषधांचं पिवळं किटही तिथेच मिळतं.

पूर्ण कोर्स करूनही दुखत राहिलं, तर पिशवीच्या टीबीची तपासणी करावी लागेल. ताप आणि उलट्या सुरू झाल्या, किंवा पाळी चुकून एका बाजूला जोरात कळ आली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी काढा.