‘रन’ धावतो कमी, चालतो जास्त

मागच्या अंकात ‘रन’ या इंग्रजी क्रियापदाबद्दल प्रश्न मागवले होते. ठाणे-नवी मुंबईहून आलेल्यांपैकी पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर मी ‘टॅप इज रनिंग’ असं लिहिलं. प्लंबर सामान घेऊन आला, तर गच्चीवरचा नळ कुणीतरी नुसता उघडा ठेवला होता. माझं इंग्रजी चुकलं का? (ऐरोली)

इंग्रजी बरोबर होतं, वाचणाऱ्यांनी अर्थ चुकीचा लावला. नळ ‘रनिंग’ म्हणजे तोटी उघडी आहे, धार सुरू आहे. त्याला प्लंबर नको, बंद करणारा हात हवा. तोटी घट्ट बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडत असतील तर तो ‘ड्रिपिंग’. तिथे जुन्या पद्धतीच्या नळात बहुधा वॉशर झिजलेला असतो, नव्या अर्ध्या फेऱ्याच्या नळात आतलं कार्ट्रिज गेलेलं असतं. पाणी तोंडाऐवजी भिंतीलगतच्या जोडातून येत असेल तर ‘लीकिंग’, आणि मग नळ काढून आट्यांवर टेफलॉन टेप नव्याने गुंडाळावी लागते. तीन शब्द, तीन वेगवेगळी कामं. तक्रार लिहिताना एवढा फरक पाळला तर प्लंबरची एक फेरी वाचते.

एका ठिकाणी मात्र ‘रनिंग’ हाच बिघाड असतो, तो म्हणजे फ्लशची टाकी. ‘द टॉयलेट कीप्स रनिंग’ म्हणजे फ्लश झाल्यावरही भांड्यात पाण्याची बारीक धार चालूच राहते. टाकीच्या तळाचं रबर नीट बसत नाही, किंवा फ्लोट वर लावल्यामुळे पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून उतरत राहतं. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यात रंग उतरला तर रबर बदला. पाणी नळीच्या तोंडापर्यंत चढलेलं दिसलं तर फ्लोट खाली घ्या.

प्रश्न : ‘चालेल’ला इंग्रजीत काय म्हणायचं? मी ‘इट विल रन’ म्हटलं की मुलगी हसते. (नौपाडा, ठाणे)

हसू द्या. तुमची चूक शिकवण्यासारखी आहे. इंग्रजी माणूस जिथे धावतो तिथे मराठी माणूस बहुतेक वेळा चालतो. दुकान चालतं, यंत्र चालतं, नाटक तीन तास चालतं, या सगळ्याला ‘रन’ जमतो. त्यावरून चालणे म्हणजे ‘रन’ असं समीकरण डोक्यात बसतं आणि ‘चालेल’पाशी येऊन फसतं. ‘चालेल’ ही संमती आहे, आणि संमतीचा अर्थ ‘रन’मध्ये नाही. ‘उद्या चालेल का?’ला ‘डझ टुमॉरो वर्क फॉर यू?’ म्हणा. ‘साखर नसली तरी चालेल’ला ‘इट्स फाइन विदाउट शुगर’.

‘नाटक चाललं’मध्येही एक मेख आहे. गडकरी रंगायतनबाहेर कुणी हे वाक्य म्हणालं तर नाटक गाजलं असा अर्थ होतो. इंग्रजीत नुसतं ‘द प्ले रॅन’ अर्धवट वाटतं. किती काळ, किती प्रयोग, ते जोडावं लागतं : ‘रॅन फॉर टू इयर्स’. गाजलं एवढंच सांगायचं असेल तर ‘डिड वेल’.

‘चालवणे’चं गणित वेगळं. सायकल ‘राइड’, गाडी ‘ड्राइव्ह’, दुकान किंवा क्लास ‘रन’. ‘रन अ कार’ असाही प्रयोग आहे, पण त्याचा अर्थ गाडी पोसणं : पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, पार्किंगचं भाडं. ‘आय कान्ट अफोर्ड टु रन अ कार’ म्हणणाऱ्याला गाडी उत्तम चालवता येत असेल.

आणि ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणणारा धावत नसतो. तो प्लॅटफॉर्मवर उभा असतो, उशिरा धावत असते ती लोकल.

प्रश्न : थिसॉरसमध्ये ‘रन’ला ऑपरेट, मॅनेज, कंडक्ट, फंक्शन असे पर्याय दिलेत. एकाच्या जागी दुसरा घातला की साहेब लाल पेन चालवतात. का? (घणसोली)

कारण थिसॉरस शेजारी दाखवतो, जुळे नाही. पुढचं कर्म काय आहे ते पाहून शब्द निवडा. ‘कंडक्ट’ला ठरवून पार पाडायची गोष्ट लागते : परीक्षा, पाहणी, चौकशी, प्रशिक्षण. रोज उघडणारं दुकान कुणी ‘कंडक्ट’ करत नाही. ‘ऑपरेट’ यंत्राला आणि सेवेला शोभतो. त्याला ‘ऑन’ आणि माणूस जोडलात की शस्त्रक्रिया झाली. ‘मॅनेज’ माणसांना आणि पैशांना लागतो, पण ‘आय मॅनेज्ड’ एवढंच लिहिलं तर ‘कसंबसं जमवलं’. आपल्याकडे ‘मॅनेज केलं’ला जो वास येतो तो तर निराळाच. ‘फंक्शन’ला कर्म चालतच नाही. ‘द लिफ्ट इज नॉट फंक्शनिंग’ ठीक, पण लिफ्टमनला लिफ्ट ‘फंक्शन’ करता येत नाही. त्याने ती ‘ऑपरेट’ करायची.

ऑफिसात सर्वांत जास्त घोळ ‘रन आउट’चा होतो. संपलेली वस्तू कर्ता असेल तर ‘द इंक हॅज रन आउट’. माणसं कर्ता असतील तर ‘ऑफ’ हवाच : ‘वी हॅव रन आउट ऑफ इंक’. ‘इंक इज रनआउट’ असं लिहिलंत तर शाई क्रीजबाहेर राहिली. अजून थोडी शिल्लक आहे, पुरणार नाही, असं असेल तर ‘वी आर रनिंग शॉर्ट ऑफ इंक’. ‘हॅज’, ‘हॅव’, ‘हॅड’नंतर ‘रन’च येतो, ‘रॅन’ नाही. ही चूक मोठ्या पगाराच्या मेलमध्येही सापडते.

प्रश्न : ‘रन’चे सहाशेहून जास्त अर्थ आहेत म्हणे. खरं का? (नेरूळ)

खरं आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या सुधारित नोंदीत क्रियापद ‘रन’चे ६४५ अर्थ दिले आहेत. १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ पुढे होता, सुमारे ४३० अर्थांनिशी. घाबरू नका, यात दर्यावर्दी, मृतवत आणि बारीकसारीक छटा धरल्या आहेत. आपलं ‘लागणे’ घ्या : भूक लागते, रांग लागते, निकाल लागतो, शॉक लागतो, पैसे लागतात, सवय लागते, ठाणं सुटलं की कळवा लागतं. हे कुणी यादी करून शिकलं नाही. शब्दाला जोडीदारासकट उचललं, इतकंच.

प्रश्न : ‘रनिंग नोज’ चूक का? (कोपरखैरणे)

केसपेपरवर सर्रास दिसतं, आणि कळतंही. पण नेटका प्रयोग ‘रनी नोज’, किंवा वाक्यात ‘माय नोज इज रनिंग’. तापासाठी ‘रनिंग अ फीव्हर’. त्यातला ‘अ’ गाळू नका आणि मध्ये ‘विथ’ घालू नका. ‘हॅव द रन्स’ हे मात्र जुलाबाचं घरगुती नाव आहे. रजेच्या अर्जात ‘अपसेट स्टमक’ लिहा.