प्रत्येकाचा आवाज वेगळा नोंदवा

बोलून चालणारा स्मार्ट स्पीकर फक्त तुमच्या खात्यावर चालू ठेवलात, तर मुलांनी दिवसभर लावलेली गाणी तुमच्याच यादीत घुसणार आणि तुमचं कॅलेंडर कुणीही ऐकणार. म्हणून आधी प्रत्येकाचा आवाज नोंदवून घ्या, म्हणजे कोण बोलतंय ते स्पीकर ओळखेल. गूगलच्या स्पीकरवर याला व्हॉइस मॅच म्हणतात, सहा जणांपर्यंत चालतं. अ‍ॅमेझॉनच्या अलेक्सावर व्हॉइस आयडी. नवखे इथेच चुकतात: सगळ्यांचे आवाज एकाच फोनवरून, एकाच खात्यात भरायला बघतात. गूगलवर ज्याने त्याने आपल्या फोनवरून, आपल्याच खात्याने नोंदणी करायची.

नोंदवताना टीव्ही बंद ठेवा आणि रोजच्यासारखंच बोला. उगाच निवेदकाचा आवाज काढू नका! झालं की एकेकाने 'हू अ‍ॅम आय?' असं विचारून पाहा. चुकीचं नाव आलं तर पुन्हा नोंदवा. बहिणीबहिणींचे किंवा बापलेकांचे आवाज सारखे असतील, तर घोळ होतोच.

आणि हो, याला कुलूप समजू नका. मिळताजुळता आवाज किंवा रेकॉर्डिंगही त्याला फसवू शकतं. दिवाणखान्यातल्या गूगल स्पीकरवर पर्सनल रिझल्ट्स, म्हणजे कॅलेंडरसारखी खासगी माहिती सांगायची सोय, मी तरी बंदच ठेवेन. अलेक्सावरून खरेदी करत असाल, तर पिन लावाच.